अंथरुणाची लांबी

यमूला नेमकं काय हवं होतं, हे मला सांगता येत नाही. हरिभाऊ आपट्यांची यमू, ‘पण लक्षात कोण घेतो’मधली. तिच्या वाट्याला काय काय आलं ते कादंबरी वाचलेलं कुणीही सांगेल. कडक वडील, आईचा मृत्यू, सावत्र आई, लहान वयात झालेलं लग्न, सासरची बोलणी, मुंबईतले थोडे सुखाचे दिवस, नवऱ्याचं जाणं, बळजबरीने केलेलं केशवपन आणि शेवटी तिचं स्वतःचं मरण. दुःखाचा सगळा हिशेब त्या पानांत आहे. इच्छेचा लागत नाही. मी शोधत जाते आणि दर वेळी रिकाम्या हाताने परत येते.

वयात येणाऱ्या मुलामुलींच्या कादंबऱ्या आपण एक गोष्ट गृहीत धरूनच उघडतो. कुणाला तरी काहीतरी हवं असतं, घराला आणि जातगोताला दुसरंच हवं असतं, आणि त्या ओढाताणीत माणूस घडतो किंवा मोडतो. ‘मला हे हवंय’ असं त्या पोराने एकदा तरी म्हणावं, एवढीच वाचणाऱ्याची मागणी असते. मग ते मिळो न मिळो. यमू असं म्हणत नाही. ती शिकते, पण तिच्या शिकण्यामागे नवऱ्याची, रघुनाथरावांची हौस आहे. ती मुंबईला जाते, तीही नवऱ्याबरोबर बिऱ्हाड करायचं म्हणून. तिथे तिला करमतं, फार करमतं. दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलता येतं, विचारी स्नेह्यांच्या घरी जाता येतं, वाचलेल्या गोष्टीबद्दल आपलं मत सांगता येतं. त्या प्रकरणांत तिचा आवाजच बदलतो. पण जे आवडलं ते आधीपासून हवं होतं असं म्हणता येईल का? आणि जे कुणी कधी दाखवलंच नाही ते हवं असणार तरी कसं?

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण माझ्या मनात येऊन बसली ती इथे.

आमच्या घरी ती पैशासाठी म्हटली जायची. सहलीची वर्गणी, नवे बूट, दिवाळीला दुसरा फ्रॉक. वडील म्हणायचे तेव्हा त्यात राग नसायचा, महिनाअखेर असायची. मुलींच्या बाबतीत मात्र म्हणीचा पल्ला पैशाच्या पुष्कळ पलीकडे जायचा. कॉलेज कुठलं घ्यायचं, नोकरी किती लांबची धरायची, पाहुण्यांसमोर हसायचं किती, मोठ्यांना उलटून विचारायचं की नाही, सगळ्याला तीच एक म्हण पुरायची. अंथरूण आधीच घातलेलं आहे आणि पाय मागून येतात, असं ती धरून चालते. ते कुणी घातलं, कुणाच्या मापाने घातलं, याबद्दल ती बोलत नाही. पाय वाढत राहिले तर काय करायचं, हेही सांगत नाही. आणि वयात येताना तर पायच वाढतात.

एवढ्यावर थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. रूढी आखूड, मुलगी लांब, अन्याय उघड. पण ही म्हण यमूला लावून पाहिली की ती लागू पडत नाही, आणि माझी झोप उडवणारी गोष्ट तीच आहे. यमूने अंथरुणाबाहेर पाय कधी काढलाच नाही. वडिलांपुढे ती गप्प राहिली, सासरी सोसत राहिली, मुंबईत जे केलं ते नवऱ्याच्या संमतीनेच नव्हे, त्याच्या आग्रहाने केलं. पत्नीने नवऱ्याच्या मर्जीप्रमाणे वागावं असं शास्त्री-पंडित सांगत होते. यमू तशीच वागली. तिच्यावर ठपका ठेवायला कुणाला जागा नव्हती. तरीही रघुनाथराव गेले आणि तिच्या खालचं अंथरूणच काढून घेण्यात आलं.

हे शब्दशः खरं आहे. विधवेच्या नेमधर्मात एक वेळचं जेवण होतं, आलवण होतं, आणि झोपायचं कुठे हेही ठरलेलं होतं. पलंग नाही, गादी नाही. जमिनीवर, फार तर चटईवर किंवा घोंगडीवर. सधवेपणी जी काही दोन हात मऊ जागा असेल ती नवऱ्याच्या नावाने होती आणि त्याच्याबरोबर गेली. म्हणीत सांगितलेला सगळा शहाणपणा यमूने पाळला होता, पण अंथरूण कधीही ओढून घेतलं जाऊ शकतं ही बाब म्हणीत नव्हती.

हरिभाऊंनी अशीच मुलगी का निवडली असावी, याचा मी बराच विचार केला. ‘करमणूक’ साप्ताहिक त्यांनी १८९० साली सुरू केलं तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते, आणि ही कादंबरी त्यातूनच क्रमाक्रमाने आली. भोवती पुणं पेटलेलं होतं. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला आणि मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा झालं. एवढ्या दोन वर्षांसाठी सभा उधळल्या, वर्तमानपत्रं भांडली. त्याआधीच मुंबईत रखमाबाईंनी कोर्टात उभं राहून सांगितलं होतं की अकराव्या वर्षी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे मी नांदायला जाणार नाही. दादाजी भिकाजींनी १८८४ साली दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने गेला, पुढे तो फिरला, आणि १८८७ साली हुकूम झाला की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंगात जाते, असं त्या म्हणाल्या. तडजोडीने प्रकरण मिटलं, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेत काम करू लागल्या.

म्हणजे ‘मला हवं’ आणि ‘मला नको’ असं मोठ्याने म्हणणारी बाई खऱ्या आयुष्यात यमूच्या आधीच होऊन गेली होती. कादंबरीत मात्र तिला जागा नाही. मला वाटतं, हरिभाऊंना वाचकाची पळवाट बंद करायची होती. रखमाबाईंसारखी नायिका केली असती तर पुण्यातला वाचक म्हणाला असता की हिने पायरी ओलांडली, भोगलं. यमूबद्दल असं म्हणता येत नाही. तिने काहीच मागितलेलं नाही, म्हणून तिचं काहीही चुकलेलं नाही. लेखकाची ही योजना मला आजही जबरदस्त वाटते. पण तिची किंमत यमूनेच मोजली. निर्दोष दिसण्यासाठी तिला इच्छेशिवाय जगावं लागलं. तिच्यावरचा अन्याय सिद्ध व्हावा म्हणून तिच्या तोंडून मागणं काढून घेतलं गेलं.

कधीकधी हरिभाऊंचाच दिवस डोळ्यांसमोर आणते. काका महादेव चिमणाजी आपटे मुंबईतले वकील. संस्कृत पोथ्या जपाव्यात, छापाव्यात म्हणून त्यांनी १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली. पुतण्याचं शिक्षण पदवीपर्यंत काही पोचलं नाही, पण संस्थेचा कारभार त्याने सांभाळला, तो अखेरपर्यंत. एकाच माणसाच्या हाताखाली एकीकडे जुन्या पोथ्यांची देखभाल आणि दुसरीकडे यमूच्या पुढच्या प्रकरणाची जुळणी. घराने दिलेलं काम आणि स्वतःला हवं असलेलं काम त्याने शेजारी शेजारी ठेवलं, दोन्ही नीट केलं. त्याला ते जड गेलं की सोपं, कुणास ठाऊक. पुरुषाला दोन्ही ठेवता आलं, एवढं खरं.

असो. म्हणीतलं अंथरूण मनातून जाईना तेव्हा मी खऱ्या अंथरुणाचा विचार करू लागले.

माझी थोरली मावशी गोधड्या शिवायची. घरातली जुनी लुगडी वर्षभर साठायची, आणि पावसाळ्याआधीच्या कोरड्या दिवसांत ती माजघराच्या जमिनीवर पसरायची. नऊ वारी लुगडं म्हणजे २७ फूट. त्याची चौघडी घातली की लांबी येते पावणेसात फूट. पन्हा असतो अडीच-पावणेतीन हातांचा. गोधडीचं माप असं ठरतं. झोपणाऱ्याच्या उंचीचा त्यात विचार नसतो, विचार असतो तो लुगड्याचा. आतल्या थरात फाटके परकर, विरलेली धोतरं, कुणाचा तरी सदरा उसवून काढलेली पाठ. वरचा थर सगळ्यांत चांगल्या लुगड्याचा. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन डबे ठेवून ती मधून काठाकडे तळवा फिरवत जायची. एक सुरकुती आत राहिली तर ती जन्मभर पाठीला टोचणार, म्हणायची. मग लांब टाके घालून टाचणं, आणि मग खरा धावदोरा, काठापासून आत, ओळीला ओळ. बोटात पितळी अंगुस्तान. दोरा मेणावरून ओढून घेतलेला, त्यामुळे तो कापडातून जाताना एक बारीक खरखर ऐकू यायची.

पावणेसात फूट! आमच्या घरातल्या एकाही माणसाचा पाय त्या लांबीच्या बाहेर गेला नसता. सगळ्यांत उंच माझे मामा, तेसुद्धा वर हातभर जागा सोडून मावले असते. मग अंथरूण आखूड आहे ही तक्रार आली कुठून?

ती आली लग्नघरांतून. लग्नघरात रात्री दिवाणखान्यातलं सामान भिंतीशी लावायचं, सतरंज्या घालायच्या आणि त्यावर गोधड्या एकीला एक लावून पसरायच्या. पोरांना त्यांवर आडवं झोपवायचं, म्हणजे चौघांच्या जागेत सात-आठ मावायची. गोधडी आडवी घेतली की रुंदीची लांबी होते, आणि ती चार फुटांच्या आसपास भरते. नऊ-दहा वर्षांचं पोर तेवढ्यात पुरतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी गुडघ्याखालचा पाय शहाबादी फरशीवर येतो, आणि माघ महिन्यातली ती फरशी पहाटे पायाला कशी लागते हे मला आजही सांगता येईल. त्या वयाचे मुलगे मग गच्चीवर झोपायला निघून जायचे. कुणी त्यांना पाठवायचं नाही, तेच वळकटी काखेत मारून जायचे. मुली पाय पोटाशी घ्यायच्या.

इथे माझं सगळं गणित बिघडतं. अंथरूण आखूड नव्हतंच. माणसं फार होती. पाय आखडायला लावणारी गोष्ट म्हणजे शेजारी झोपलेली माणसं, आणि ती माझी माणसं होती. एका बाजूला मामेबहीण, दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ, पलीकडे चुलत आत्याची मुलगी, जिला मी वर्षातून एकदा भेटायची आणि जिच्याशी रात्री दोन वाजेपर्यंत कुजबुजत राहायची. मला कुणी पाय आखडायला सांगितले नव्हते. भाऊ कुशीवर वळला की मी आपोआप गुडघे वर घ्यायची आणि त्याच्या अंगावर पांघरूण ओढायची. त्या वेळी मला स्वतंत्र पलंग दिला असता तर मी गेले असते का? नाही गेले. मग तेव्हा मला काय हवं होतं? लांब पाय की ती कुजबुज? दोन्ही एकदम हवं म्हणणं सोपं आहे, पण त्या खोलीत दोन्हीला जागा नव्हती.

मावशीने एक गोधडी स्वतःसाठी शिवली होती. गडद निळ्या इरकली लुगड्याची, लाल काठाची. टाके इतके बारीक की उलटी-सुलटी बाजू ओळखू येऊ नये. घरातल्या प्रत्येक बाळंतपणासाठी दुपटी तिने शिवली, लेकी-सुनांच्या रुखवतात तिच्या गोधड्या गेल्या. ही एक मात्र ती कुणाला देत नसे, आणि लग्नघरातल्या रांगेतही घालू देत नसे. रात्री निजानीज झाली की ती कोठीच्या खोलीत जायची, धान्याच्या कणग्यांच्या मधल्या जागेत ती गोधडी उभी पसरायची आणि पाय लांब करून एकटीच झोपायची. बायका बोलायच्या. एवढी माणसं घरात आणि हिला आपली वेगळी खोली सुचते. तिच्या कानावर ते जात होतं. ती सकाळी सगळ्यांच्या आधी उठून गोधडीची घडी करायची आणि चुलीपाशी जाऊन बसायची, चेहऱ्यावर काहीही न दाखवता.

मावशी शाळेत दुसरीपर्यंत गेली होती. ती कोर्टात गेली नाही, गाव सोडून गेली नाही, तिने कुणाला दुखावणारा एकही निर्णय घेतला नाही. हवं असण्याची तिची अख्खी मिरास ती तेवढी निळी गोधडी आणि कोठीच्या खोलीतली काही रात्रींची सरळ झोप. मला ती इच्छा लहान वाटत नाही. पण त्याच रात्री दिवाणखान्यातल्या रांगेत एक गोधडी कमी पडायची आणि टोकाच्या पोराला नुसत्या सतरंजीवर झोपावं लागायचं, हेही खरं आहे. त्या टोकाला बहुतेक वेळा माझा भाऊ असायचा. मावशीच्या बाजूने बोलायला लागले की तो आठवतो, आणि भावाच्या बाजूने बोलायला लागले की कोठीच्या खोलीचं लोटलेलं दार.

यमूच्या काळातलं एक खरं लग्न मला यासाठीच वारंवार आठवतं. मुंबईत पंडिता रमाबाईंनी १८८९ साली शारदा सदन काढलं, त्यात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. बालपणीच विधवा झालेल्या. धोंडो केशव कर्व्यांनी त्यांच्याशी मार्च १८९३ मध्ये पुण्यात लग्न केलं. म्हणजे ‘करमणूक’च्या वाचकांसमोर यमूचा शेवट होत होता, साधारण त्याच सुमारास, त्याच पुण्यात, एका केशवपन झालेल्या मुलीने पुन्हा कुंकू लावलं होतं. हे आठवलं की छाती भरून येते. पण पुढची गोष्टही आठवते. मुरूडला, कर्व्यांच्या गावी, सभा भरली आणि बहिष्काराचे ठराव झाले. धोंडोपंत घरी आले तर घरच्यांनाही वाळीत टाकायचं. त्यांच्या आईने आणि भावाने विधवाविवाह केलेला नव्हता, पण थंड फरशी त्यांच्या पायांना लागली. कर्वे पुण्याला परत गेले. आईला मुरूडमध्येच राहायचं होतं, त्याच विहिरीवर, त्याच देवळात, त्याच बायकांमध्ये.

कर्व्यांनी लग्न करायला नको होतं, असं मी म्हणत नाही. म्हणणारही नाही. त्या एका लग्नातून पुढे हिंगण्याचा आश्रम झाला, हजारो मुलींचे पाय सरळ झाले. पण मुरूडच्या घरातल्या त्या म्हाताऱ्या बाईला विचारलं असतं की तुझ्या मुलाची इच्छा आणि गावाची रीत यांत बरोबर कोण, तर तिने काय सांगितलं असतं हे ठरवायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. रूढी ही कुठेतरी वर बसलेली वस्तू आहे असं धरून चाललं की विचार सोपा होतो. घरात ती वर बसलेली नसते. ती शेजारी झोपलेली असते, तिला झोप लागलेली असते, आणि आपण हललो तर ती जागी होते.

यमूची कहाणी छापून येऊ लागली त्याच सुमाराला, १८९० साली, मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचं केशवपन करणार नाही असा निश्चय झाला. वस्तरा धरणाऱ्या हातालाही काहीतरी नको होतं. जातीने आणि धंद्याने ठरवून दिलेलं काम, त्याच्यावर घर चालणारं काम, त्यांनी ते नको म्हटलं. कादंबरी वाचताना मी केशवपनाच्या प्रसंगात यमूकडेच बघत होते, वस्तरा घेऊन आलेल्या माणसाकडे बघितलंच नव्हतं. त्याला काय हवं असेल, हा प्रश्न मला त्या सभेने दिला.

पुढच्या काळातल्या पुस्तकांकडे गेले तर वाटलं होतं की अंथरुणाचा प्रश्न हळूहळू सुटत जाताना दिसेल. विभावरी शिरूरकर या नावाने १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं तेव्हा त्यातल्या मुली शिकलेल्या होत्या, कमावत्या होत्या. अक्षर मिळवण्यासाठी त्यांना कुणा रघुनाथरावांची वाट बघावी लागली नव्हती. आणि तरी त्यांचा पगार घराच्या कामी येत होता आणि त्यांचं लग्न लांबत होतं. लिहिणाऱ्या बाईंनाही स्वतःचं नाव झाकावं लागलं. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, मी थांबत नाही.

‘कोसला’ या कादंबरीपाशी मात्र थांबावंच लागतं. ती १९६३ची. पांडुरंग सांगवीकर, खानदेशातल्या खात्यापित्या घरचा मुलगा, बापाच्या पैशावर पुण्यात शिकायला येतो. इथे अंथरूण ऐसपैस आहे. रात्री शेजारी कुणी नाही, गुडघे आखडायला लावणारं कुणी नाही. खर्च करतो, चिटणीसपदं मिरवतो, मेस चालवतो, नापास होतो, आणि अखेर सांगवीला परत जातो. त्याला काय हवं होतं? हेही मला सांगता येत नाही! यमूला मागायची मुभा नव्हती म्हणून तिची इच्छा दिसत नाही, असं मी धरून चालले होते. पांडुरंगाला सगळी मुभा होती आणि त्याचीही दिसत नाही. बापाला नको ते करायचं, एवढं कळतं. बाप बाजूला काढला तर उरतं ते काय? आणि धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते तेव्हा त्याच्या आतून जे उसळतं, तिथे पहिल्यांदा मला वाटलं की याला काहीतरी हवं आहे. ते घरातच होतं, ज्या घरापासून तो पळत होता त्याच घरात. त्या पानांनंतर माझा गोंधळ वाढलाच. घराची अपेक्षा आणि घराची ओढ या दोन गोष्टी मला आजवर वेगळ्या ठेवता येत होत्या.

रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१०च्या. अकराव्या वर्षी लग्न, नवरा वीस वर्षांनी मोठा, तोही वडिलांच्या हट्टापायी बोहल्यावर चढलेला. त्यानेच तिला शिकवलं, आणि ती शिकते म्हणून घरातल्या बायकांनी तिला छळलं. त्या पुस्तकात रमाबाईंची स्वतःची इच्छा शोधायला गेले की तिथे नवराच, न्यायमूर्ती रानडेच भेटतात. त्यांना काय आवडलं, काय पटलं नाही, त्यांच्या मर्जीत आपण कुठे कमी पडलो. पण न्यायमूर्ती १९०१ मध्ये गेले, आणि पुढे तेवीस वर्षं त्या बाई सेवासदन उभं करत, बायकांना शिकवत, मताच्या हक्कासाठी बोलत राहिल्या. तोपर्यंत ती हौस कुणाची होती? दुसऱ्याने पेरलेली इच्छा कितव्या वर्षी आपली होते? रमाबाईंना तेवढी वर्षं मिळाली. यमूला मिळाली नाहीत. ती जगली असती, डोक्यावर पदर घेऊन का होईना जगली असती, तर कदाचित तिला काहीतरी हवं झालं असतं, असं मी म्हणायला जाते, आणि लक्षात येतं की हे मी मागते आहे. तिच्या तोंडात मागणं घालणारी मी तिसरी. आधी रघुनाथराव, मग सव्वीस वर्षांचे हरिभाऊ, ज्यांनी एका मुलीच्या ‘मी’मध्ये शिरून तिची सगळी कहाणी लिहिली, आणि आता मी. तिघांचंही तिच्यावर प्रेम आहे. तिघांनाही ती मोकळी झालेली हवी आहे. ती कशी मोकळी व्हावी हे मात्र तिघांनी आपापल्या मापाने ठरवलेलं आहे.

आणि दुर्गीकडे तर मी वळलेच नाही. यमूची मैत्रीण. तिला रघुनाथराव मिळाले नाहीत, मिळाला तो दिवटा नवरा. मुंबईचं बिऱ्हाड नाही, हातात पुस्तक ठेवणारं कुणी नाही, पुढचं काही दाखवणारं कुणी नाही. तिला जर काही हवं असेल तर ते कुणी पेरलेलं नसणार, ते तिचंच असणार. यमूच्या सांगण्यात ती येते तेवढीच आपल्याला दिसते, तुकड्या-तुकड्यांत, आणि प्रत्येक तुकडा यमूला तिची कीव आली म्हणून आलेला आहे. दुर्गीची पानं तेवढी बाजूला काढून, मधली यमू वगळून, पुन्हा वाचायला हवीत.